घरातली घंटा

पॅरीज कॉर्नरवरून जाताना मद्रास हायकोर्टाचे लाल घुमट दिसतात. १८९२ साली बांधून झालेल्या या इमारतीच्या आवारात मनुनीती चोळ राजाचा पुतळा आहे. त्याची गोष्ट तमिळ घरांतली मुलं लहानपणीच ऐकतात. आपल्या मराठी घरांतही ती सांगायला हवी.

राजा तिरुवारूरचा. त्याने राजवाड्याच्या दारात एक घंटा बांधली होती. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने ती वाजवावी. एक दिवस घंटा वाजली, बाहेर पाहतात तर गाय उभी! राजपुत्राच्या रथाखाली तिचं वासरू चिरडलं गेलं होतं. मुलाने मुद्दाम केलं नव्हतं. मंत्र्यांनी प्रायश्चित्ताचे सोपे मार्ग सुचवले. पण गाईने जे दुःख भोगलं तेच आपणही भोगलं पाहिजे, असं म्हणून राजाने स्वतःच्या मुलावर रथ चालवला. पुढे शिवाने प्रकट होऊन वासरू आणि राजपुत्र दोघांनाही जिवंत केलं, असं कथा सांगते.

शिक्षा आज आपल्याला क्रूर वाटते, आणि ती तशी आहेच. पण मला त्या गाईचा विश्वास मोठा वाटतो. समोर राजाचा मुलगा असूनही आपलं कोणी ऐकेल, असं तिला वाटलं.

आपल्याकडे रामशास्त्री प्रभुणे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर आले, तरी शास्त्रीबुवांनी त्यांनाच दोषी ठरवलं आणि पद सोडून पुणे सोडलं. राजाने मुलाची गय केली नाही, शास्त्रीबुवांनी धन्याची केली नाही.

कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतःच न्यायाधीश होऊ नये. कारण माणसाचा स्वभाव. दुसऱ्याची चूक झाली की आपल्याला नियम आठवतो, आपल्या माणसाची झाली की दया आठवते. पण घरात दुसरा न्यायाधीश आणायचा कुठून?

मागच्या वर्षी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या मामींच्या खिडकीची काच फुटली. आळ आला वॉचमनच्या मुलावर. रात्री जेवताना आमचे चिरंजीव हळूच म्हणाले, "आई, बॉल माझा होता." खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो, 'आता कशाला बोला?' प्रकरण मिटलं होतं. पण मिटलं होतं ते फक्त आमच्यापुरतं. खाली तो मुलगा मार खाऊन झोपला असेल, हे आठवलं आणि घास उतरेना.

तेव्हाच आम्ही दोघं खाली गेलो, मग मामींकडे. काचेचे पैसे दिले. माझ्या मुलाने वॉचमनच्या मुलासमोर, सगळ्यांच्या देखत "चूक माझी" म्हटलं. वॉचमन काही बोलला नाही, फक्त आपल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

मंडळी, आपल्या घराच्या दारातही घंटा असते. ती वाजवणारा बहुधा आपल्याहून दुबळा असतो: कामवाली बाई, धाकटी सून, शेजारचं पोर. या आठवड्यात ती वाजली, तर जेवण थांबवून दार उघडाल ना?