खापर खेकड्यावर, पोकलेन मोकळा



पाऊस लागला की आपली पोरं रात्री बॅटरी घेऊन खेकड्याला जातात. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या दिसल्या की आत खेकडा आहे, हे लहान पोरालाही कळतं. आज त्या मातीबद्दलच लिहायचं आहे.

खेकडा काठ पोखरून माती बाहेर टाकतो. मोठा पाऊस आला की ती ओढ्यात जाते, आणि त्याच बिळातून पाणी काठात मुरतं. खंड्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. म्हशी डबक्यात लोळून ते खोल करतात आणि अंगावरचा चिखल दुसरीकडे नेऊन झाडतात. विलायतेच्या डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक काढलं. तिकडच्या बऱ्याच भागांत एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून वर येते, असा हिशोब त्याने मांडला. म्हणजे नदी एकट्या पाण्याने घडत नाही, जनावरंही ती घडवतात.

पण त्यांचं नाव निघतं ते फक्त खापर फोडायला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची वाडी वाहून गेली, माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, धरण खेकड्यांनी पोखरलं! खेकडा बीळ करतो हे खोटं नाही. पण तो काही काल आलेला नाही. तो पोखरणार हे धरूनच मातीचा बांध दाबायचा, दगडाने मढवायचा आणि दरसाल तपासायचा असतो. ते काम माणसाचं.

आमच्यातले काहीजण निघोजे गावात राहून चाकणच्या कंपन्यांत कामाला जातात. गाव इंद्रायणीच्या काठी. इथे प्लॉटसाठी एक पोकलेन दिवसाला जेवढा मुरूम उपसतो, तेवढी माती अख्ख्या ओढ्यातले खेकडे वर्षातही काढत नसतील. तो मुरूम पावसात कुठे जातो, कोण विचारतं? खाली आळंदीला नदीवर फेस येतो, तो साऱ्या महाराष्ट्राने पाहिलाय. तो काय खेकड्याने आणला? आणि आपली गुरं रानात गेली की मात्र धूप होते म्हणून आपल्यालाच ऐकवतात.

आपणही खरं बोलू. एकाच उतारावरून रोज गुरं उतरवली तर काठ ढासळतो. म्हणून पाणवठे आळीपाळीने वापरायचं ग्रामसभेनेच ठरवावं. पोटाखाली पिल्लं असलेली खेकडी सोडून द्यावी.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये मासे आणि चराईचा सामूहिक हक्क आहे. कलम ५ प्रमाणे पाण्याच्या जागा आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे, तशी जबाबदारीही आहे. नियम १३ मध्ये मासेमारीच्या जागा, चराईची राने, गुरांचे पाणवठे हे सामूहिक दाव्याचे पुरावे धरले आहेत. तेव्हा दावा भरताना नुसतं ‘जंगल’ लिहून थांबू नका. खेकड्याचा ओढा, माशाचा डोह, म्हशींचं डबकं यांची नावं घाला. म्हाताऱ्यांचे जबाब घ्या, नकाशावर खुणा करा.

ज्याला बिळाची माती ओळखता येते, त्याला नदी राखता येते. तो हक्क कागदावर आणू या.

जल, जंगल, जमीन आमची!

— संपादक मंडळ