छापचित्रांची साक्ष
अठराव्या शतकातील फ्रेंच नटींची वेशातली छापचित्रे केवळ शोभेची मानणे मला अन्यायाचे वाटते. त्यांत रंगभूमीवरच्या एका बंडाची नोंद आहे. 1753 मध्ये ज्युस्तीन फाव्हारने बास्तिएन या खेडवळ मुलीची भूमिका केली, ती साधा लोकरी पोशाख, उघडे हात, चापून बसवलेले केस आणि लाकडी बूट अशा वेशात. तोवर गवळणीसुद्धा दरबारी रेशमात, हिऱ्यांसकट रंगमंचावर येत. चित्रकार व्हान लूने तिला याच भूमिकेत रंगवले आणि त्यावरून निघालेल्या छापचित्राने तो वेश नाटकगृहाबाहेरही पोहोचवला. 1755 मध्ये क्लेरोन या दुसऱ्या नटीने व्हॉल्टेअरच्या चिनी कथानकाच्या शोकांतिकेत घागरा फुगवणारे सांगाडे टाकून दिले. चित्रकार नटीला सुंदर करून दाखवतो, मग त्याची साक्ष कशी मानायची, असा आक्षेप येतो. तो रास्तच आहे. चेहरा, कंबर, उभे राहण्याची ढब यांवर मीही विश्वास ठेवणार नाही. पण खुशामत करणारा हात हिरे वाढवील, लाकडी बूट कशाला चढवील? शिवाय फाव्हारच्या पतीच्या लिखाणात याच वेशाचे वर्णन आहे, आणि या साधेपणावर तेव्हा टीका झाल्याचेही त्यात नमूद आहे.