डोमेन कोणाच्या नावावर?

आमच्या शिष्यवृत्ती गटाची वेबसाइट दोन वर्षे नीट चालली. मग होस्टिंगवाल्याने नूतनीकरणाचे चौपट पैसे मागितले. दुसरीकडे जायचे ठरवले, तेव्हा कळले, डोमेन त्याच्याच नावावर होते. "आपलाच माणूस" म्हणून आम्ही कधी विचारलेच नव्हते. वेबसाइट गेली, मुलांचे अर्जही गेले.

लबाडी त्याची, पण गाफील आम्ही. कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. लिहून ठेवल्याने विश्वास तुटत नाही, उलट टिकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर घ्या. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर लेखी मागा. 'अनलिमिटेड'च्या अटी वाचा. बहुतेकदा फायलींच्या संख्येवर मर्यादा असते. दर महिन्याला बॅकअप स्वतःकडे उतरवून ठेवा. ऑनलाइन पैसे भरून फसलात, तर लाजू नका, लगेच १९३०वर फोन करा.

मुलांची माहिती आपल्याकडे अमानत आहे. तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात कशाला?