उपग्रहाच्या फोटोवर तारीख लिहा



दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला एक पाहुणा आपल्या अक्कलकोट तालुक्यावरून जातो. आवाज नाही, डोळ्याला दिसत नाही. उंची 786 किलोमीटर. नाव सेंटिनेल-2, युरोपचा उपग्रह. दोन वर्षं झाली, मी त्याच्या फेऱ्या वहीत लिहितोय. घरचे म्हणतात, आभाळातल्या यष्टीचं टाइमटेबल लिहून काय मिळतंय? काय मिळतंय ते आज सांगतो, आणि एक मागणी पण मांडतो.

आधी माझ्यावर आलेली वेळ सांगतो. गेल्या वर्षी 2025 ला पावसानं आपल्या जिल्ह्याचं काय केलं ते नव्यानं सांगायला नको. माझा चार एकर उडीद काढणीला आला आणि पाऊस उघडंना. शेंगेतच दाण्याला कोंब फुटले. मी बांधावर डोक्याला हात लावून बसलेलो, आणि मोबाईलवर मेसेज आला, "आपले पीक उत्तम स्थितीत आहे." पैसे भरून घेतलेलं ॲप. कुणाचं ते सांगत नाही, नावात काय नाही. वही उघडून बघितली तर मागच्या दोन्ही फेऱ्या ढगात गेलेल्या. म्हणजे त्यांनी जुन्याच फोटोवर नवा मेसेज पाठवला होता. फोटो कुठल्या तारखेचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आता हा उपग्रह फिरतो कसा ते बघू. उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडं, एक चक्कर साधारण 100 मिनिटांत. तेवढ्यात खाली पृथ्वी 25 अंश फिरते, म्हणून पुढची चक्कर आपल्या बरीच पश्चिमेला पडते. 10 दिवसांत 143 चकरा झाल्या की पुन्हा त्याच वाटेवर. जोडीतला दुसरा बरोबर अर्ध्या अंतरावर, म्हणून आपल्याला पाच दिवसांनी फोटो.

खरी गंमत वेळेची आहे. तो कायम सूर्याच्या हिशोबानं साडेदहाच्या आसपासच येतो. पृथ्वी मधोमध जरा फुगीर आहे. त्या फुगवट्याच्या ओढीनं त्याची कक्षा रोज जवळपास एक अंश सरकते. पृथ्वीपण सूर्याभोवती रोज तेवढीच पुढं जाते. दोन्हीचा मेळ बसवूनच त्याची उंची आणि तिरकेपणा ठरवलाय. दर फेरीला वेळ तीच, म्हणून उन्हाचा फरक फार पडत नाही आणि दोन फोटोंची तुलना करता येते. मग आपल्या घड्याळात अकरा का? भारताचं घड्याळ 82.5 रेखांशावर लावलेलं, आपण 76 च्या जरा पुढं. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या 25 मिनिटं मागं.

आता तो बघतो काय? त्याच्या फोटोतला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर. म्हणजे 100 चौरस मीटर, आपला एक गुंठा! एकराला 40 ठिपके. आपला इस्रोचा रिसोर्ससॅट आहे, त्याच्या लिस-3 कॅमेऱ्याचा ठिपका 23.5 मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांना एक. तालुक्याचा अंदाज काढायला हे झकास. पण भावाभावांत वाटण्या होऊन ज्याच्या वाट्याला दोन-तीन गुंठे रुंदीची पट्टी आली, त्याच्या ठिपक्यात बांधावरची बाभळ, शेजाऱ्याचा ऊस, सगळं मिसळतं.

दुसरं, तो हिरवेपणा मोजतो. हिरवं पान तांबडा उजेड खातं आणि आपल्याला न दिसणारा एक उजेड परत फेकतं. त्या फरकावरून आकडा निघतो. त्याला तूर कळते तशी तुरीतली हराळी पण हिरवीच दिसते. शेंगेतला कोंब तर आभाळातून दिसायचाच नाही.

म्हणून हे खूळ आहे, असं मी म्हणत नाही. उलट लई कामाचं आहे. शेताच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतंय, तुरीत मर कुठून वाढत चाललीय, हे चार फोटो ओळीनं लावले की दिसतं. भारताचा पहिला कामाचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए 17 मार्च 1988 ला गेला, तेव्हा माझी दहावी नुकतीच झालेली. आता सेंटिनेलचे फोटो मोबाईलवर फुकट बघायला मिळतात. ढगाला पण तोड आहे. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, त्याचं रडार ढगातून आणि अंधारात बघतं, 12 दिवसांनी त्याच जागेवर येतं. पाणी कुठं तुंबलं ते त्यात कळेल.

पण हा आकडा आता नुसता बघायचा राहिला नाही. 2023 च्या खरिपापासून पीकविम्यात उत्पन्न ठरवताना उपग्रहाचा हिशोब किमान 30 टक्के धरायचं केंद्रानं सुरू केलं, आधी भात आणि गव्हाला, नंतर सोयाबीनला. म्हणजे त्या ठिपक्यावर आपल्या पोटाचा प्रश्न आला. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद असते, काट्याच्या पावतीवर तारीख असते. मग ज्या फोटोवर आपलं नुकसान ठरणार, त्याच्यावर तारीख का नसावी?

माझी मागणी एवढीच. ॲप असो, विमा असो नाहीतर सरकारी अहवाल, उपग्रहावरून काही सांगताना तीन गोष्टी लिहा : फोटो कुठल्या तारखेचा, त्या दिवशी शेतावर ढग होते का, आणि ठिपका किती मोठा. ढग असतील तर "दिसलं नाही" असं सरळ लिहा. न बघता "उत्तम" म्हणू नका. आमच्या पेजवर कृषी सहायक आणि विद्यापीठाचे साहेब लोक पण आहेत. त्यांनी हे वर पोचवावं.

आणि आपण काय करायचं? फेरीच्या तारखा वहीत लिहा. एक कळली की पाच-पाच दिवस मिळवत जायचं. त्या दिवशी अकराच्या आसपास शेताच्या चारी कोपऱ्यांवरून तारीख आणि ठिकाण येईल असा फोटो काढा. शेंग फोडून दाणा पण दाखवा. वरचा म्हणाला हिरवं आहे, तर आपल्याकडं खालचा पुरावा पाहिजे.

मृग तोंडावर आलाय. बियाण्याच्या पिशवीचं बिल ठेवता तसं हे पण ठेवा.