फॉरमॅट हे निदान नव्हे!

मंडळी, कॉम्प्युटर सुरू होईना म्हटलं की दुरुस्तीवाला टेकायच्या आत सांगतो, "काका, फॉरमॅट मारावं लागेल." अहो, पडदा काळा, आतून नुसतं बीप-बीप, गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही, मग विंडोज पुसून काय साधणार? वायर काढा, रॅमची पट्टी उपसून तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसा, घट्ट बसवा. पुष्कळदा एवढ्याने भागतं. (खोडरबर मास्तरांकडे असतोच!) विंडोजच बिघडलं असेल, तरी आधी हार्डडिस्क दुसऱ्या मशीनला जोडून आतलं उतरवून घेता येतं. आमच्या हिच्या आवाजातल्या ओव्या त्या डिस्कवर आहेत. त्या पुसायचे पैसे मी का द्यावेत?