फावल्या वेळचे विचार : परीक्षा कोणाची?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका दुकानदारावर फिर्याद करण्यापर्यंत मजल गेली होती. धाकट्या बंधूंच्या चिरंजिवानें स्वतः जुळविलेल्या संगणकांत नवें ग्राफिक्स कार्ड बसविलें, त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली चढविली, आणि एक खेळ चालवून कार्डाची गति मोजली. आंकडा निघाला सेकंदास चार चित्रें! रात्रीं पानावर बंधूंनीं निकाल दिला कीं, दुकानदारानें टाकाऊ माल गळ्यांत बांधला. उद्यां कार्ड त्याच्यापुढें आपटावयाचें.

आम्हांस या शास्त्राचा गंध नाहीं. परंतु पस्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यामुळें एक खोड जडली आहे. आम्हीं विचारलें, "बाळ, पेपर कोणीं सोडविला तें पाहिलेंस काय?" मुलगा प्रथम हंसला, मग गप्प झाला, आणि ताकभात तसाच टाकून उठला. (याबद्दल वहिनींचे बोल आम्हांसच ऐकावे लागले.)

पडद्यावर चित्रकाराचें नांव उमटलें तें 'एलएलव्हीएमपाइप'. ब्रायन पॉल यांनीं १९९३ सालीं आरंभिलेल्या 'मेसा' या मुक्त संचांतील हा एक भाग. कार्डाशीं बोलणारा ड्रायव्हर हजर नसला म्हणजे चित्रें काढण्याचें सगळें काम हा मुख्य प्रोसेसरकडून करवून घेतो. चित्र उमटतें, म्हणून पाहणारास संशय येत नाहीं. प्रणाली चढवितांना मुलानें 'सुरक्षित ग्राफिक्स' हा पर्याय निवडला होता; त्यामुळें आरंभाच्या आज्ञेंत 'नोमोडसेट' हा शब्द राहून गेला, आणि खरा ड्रायव्हर जागाच झाला नाहीं. कार्ड परीक्षेस बसलेंच नव्हतें!

आमच्या वर्गांत मागच्या बांकावर एक मुलगा असे. फळ्यावरच्या गणितांत आम्हीं त्याला तीन महिने शून्य दिलें, दोनदां बांकावर उभें केलें. पुढें त्याला चष्मा लागला. तो विषय येथेंच पुरे.

आंकड्यांची आणखी एक गंमत मुलानें दाखविली. 'जीएलएक्सगिअर्स' नांवाचा लहानसा प्रोग्रॅम तांबडें, हिरवें व निळें अशीं तीन दांतेरीं चक्रें फिरवितो आणि दर पांच सेकंदांनीं गति सांगतो. पुष्कळ लोक तीवरून कार्डाची योग्यता ठरवितात. माजघरांतील जुन्या यंत्रावर आंकडा आला ६०; नव्यावरहि ६०! पडदा सेकंदास ६० वेळां ताजा होतो, व चक्रें त्याच्याशीं पाऊल जुळवितात. म्हणजे मापला गेला तो पडदा.

मुक्त ड्रायव्हरांस नांवें ठेवणारांनींहि जरा थांबावें. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीं 'नूव्हो' हा ड्रायव्हर बाहेरच्या मंडळींनीं कार्डांचें वर्तन न्याहाळून रचला. २०१० सालीं तो लिनक्सच्या गाभ्यांत आला. परंतु २०१४ च्या उत्तरार्धांत निघालेल्या ९०० मालिकेपासून कंपनीच्या सहीचें फर्मवेअर आवश्यक झालें, आणि नूव्होस त्या कार्डांची गति वाढवितां येईना. कार्ड ज्या मंद गतीनें जागें होई, त्याच गतीनें तें चाले. २०१८ पासूनच्या कार्डांस २०२४ सालीं वाट मिळाली. मधल्या पिढीच्या कार्डांवर काढलेल्या आंकड्यांतून निव्वळ कार्डाचे गुण कसे वेगळे काढावयाचे?

असो. तो एक शब्द खोडून यंत्र पुन्हा चालूं केल्यावर तोच खेळ सेकंदास पन्नासांहून अधिक चित्रें देऊं लागला. दुसरे दिवशीं बंधु दुकानीं गेले खरे. पण एक केबल घेऊन, दुकानदाराच्या मुलाबाळांची चौकशी करून परत आले.