तिसरं पातं

परवा एका मुंजीच्या पंगतीत माझ्या भाचीचा विषय निघाला आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मजा आहे बुवा तिची, बारा महिने सुट्टी!" मला ते वाक्य लागलं. भाची, तिचा नवरा आणि दहा नि सात वर्षांची दोन मुलं अडीच वर्षांपासून शिडाच्या बोटीवर राहतात, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. जानेवारीत मी मलेशियात लंकावीला त्यांच्यापाशी बारा दिवस राहून आले. त्यावर लिहायचं राहून गेलं होतं, ते आज लिहिते.

सुट्टीचं बोलून झालं की दुसरा प्रश्न ठरलेला: मुलांच्या जिवाशी खेळ नाही का हा? धोका आहेच. डूगल रॉबर्टसन नावाच्या ब्रिटिश शेतकऱ्यानं शेती विकून 'ल्युसेट' ही जुनी बोट घेतली आणि १९७१ मध्ये बायकामुलांसह इंग्लंडचा किनारा सोडला. जून १९७२ मध्ये गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेलनी धडक दिली आणि बोट काही मिनिटांत बुडाली. हवेचा तराफा दोन आठवड्यांहून थोडा जास्त टिकला, पुढे एका छोट्याशा होडीत सहा माणसं. अडतिसाव्या दिवशी ती जपानी मच्छीमार बोटीला दिसली. सहाही जण जिवंत! भाचीनं ही गोष्ट मुलांपासून लपवलेली नाही, स्वतः वाचून दाखवली आहे.

आता ती 'सुट्टी' कशी असते, ते सांगते. लंकावीच्या ईशान्येला खारफुटीतून आत जाणारी एक खाडी आहे. तिथं वारा नव्हता, शीड उतरवलेलं, इंजिनावर चाललो होतो. अचानक इंजिन तापल्याचा कर्कश भोंगा वाजला. भाचीनं क्षणात इंजिन बंद केलं, जावई नांगर टाकायला पुढे धावला. भरतीचं पाणी आम्हाला झाडांच्या मुळांकडे ओढत होतं. नांगर धरेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही.

बोटीचं इंजिन समुद्राच्याच पाण्यानं थंड होतं. एक पंप ते पाणी आत खेचतो, आणि त्या पंपात रबराचं सहा पात्यांचं एक लहानसं चक्र फिरत असतं. पाणी थांबलं की ते चक्र कोरडं फिरतं, रबर जळतं, पाती तुटतात. मोठी मुलगी, म्हणजे माझी नात, जिन्याची फळी काढून इंजिनाच्या कप्प्यात शिरली. तिचाच हात तिथवर पोचतो. "आजी, टॉर्च जरा खाली धर." चार स्क्रू काढून तिनं झाकण उघडलं आणि ते काळं चक्र तळहातावर घेतलं. तीन पाती जागेवर, तीन गायब. दोन पंपातच सापडली.

नवं चक्र डब्यात तयार होतं. जावयानं पाण्यात उतरून बोटीच्या तळाशी पाणी घेण्याच्या भोकावर चिकटलेली प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. कारण कळलं, सुटा भाग बसवला. आता चालू करून बघा, असं मीच म्हणाले. नात म्हणाली, "आजी, अजून एक पातं सापडलं नाहीये." ते पाण्याबरोबर पुढे जाऊन थंडाव्याच्या नळ्यांत अडकलं असेल, तर पाण्याची वाट अडते नि इंजिन पुन्हा तापतं. दोन तास लागले. एकेक रबरी नळी सोडवली, पुसली, फुंकून पाहिली. शेवटी ते पातं एका नळीच्या तोंडाशी निघालं, जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं. नातीनं वहीत तारीख घालून लिहून ठेवलं, मग पिठलंभात झाला.

तेव्हापासून आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप माझ्या डोक्यातून जात नाही. वर्षात चौथ्यांदा बंद पडला. दर वेळी मेकॅनिक येतो, काहीतरी बदलतो, जुना भाग पिशवीत घालून घेऊन जातो. "झाला ना चालू?" झाला. आपण पैसे देतो आणि अंघोळीला पळतो. काय तुटलं, का तुटलं, तुटलेलं कुठे गेलं, हे दहा वर्षांची पोर विचारते आणि चाळीस बिऱ्हाडांची आमची सोसायटी विचारत नाही. आमचे वॉचमनकाका गणपतीपासून सांगत होते, "ताई, पंपाचा आवाज कोरडा येतोय." तीन महिने त्यांचं कोणी ऐकलं नाही. चौथ्या वेळेला कळलं, खालच्या टाकीतला फ्लोट अडकला होता. टाकी रिकामी झाली तरी पंप थांबत नव्हता, कोरडाच फिरत होता. फ्लोट मोकळा करायला दहा मिनिटं लागली. आधीच्या तीन दुरुस्त्यांचा खर्च मात्र चाळीस घरांच्या मेन्टेनन्समधून गेला. मला याचा खरोखर राग येतो, आणि तो मेकॅनिकपेक्षा आपलाच जास्त येतो.

येत्या रविवारी आमची सभा आहे. यापुढे बदललेला जुना भाग दाखवल्याशिवाय आणि कारण लिहून दिल्याशिवाय बिल द्यायचं नाही, असा ठराव मी मांडणार आहे. वॉचमनकाकांनाही सभेला बसवून घ्या, असं सेक्रेटरींना कळवलं आहे. तुमच्याकडेही पंप असेल, तुम्हीही विचारा.